वाऱ्याकडं तोंड

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ मार्च १९७९

महिपती,

खोकं पोचलं. हे आधी लिहिते, कारण मागल्या पत्रात मी शेजारच्या मथुराबाईच्या गुडघ्याचं लिहीत बसले आणि तू विचारलेलं राहूनच गेलं. पोचलं, फुटलं नाही, एक कोपरा दबलाय तेवढाच. वर छोट्या गोदानं काढलेलं चित्र होतं, ते देवाजवळ चिकटवलंय. त्यात लुगडं नेसलेली गोल बाई आहे ती मीच ना? नाक बरोबर काढलंय पोरीनं.

तू लिहिलंस, गोदानं दुकानात स्वतः निवडलं, आजीला हेच पाठवायचं म्हणून हटून बसली. तिला सांग, आजीला आजवर कुणी खेळणं दिलं नव्हतं. लहानपणी माढ्याला ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करायचो, तीसुद्धा भाऊ हिसकावून घ्यायचा.

पण बाळा, खोकं उघडलं तर आत पांढऱ्या पुठ्ठ्याची नळी! मथुराबाई बघायला आली होती, ती म्हणाली, "सोजराक्का, पोरानं अमेरिकेतनं फुंकणी धाडली व्हय गं? तितं बी चुली हायत म्हनायच्या." मग पातळ लाकडाचे पंख निघाले, टोकदार पोकळ टोपी निघाली, दोऱ्या, लाल-पांढरं प्लास्टिकचं फडकं, आणि इंग्रजी कागद, पंचांगापेक्षा बारीक अक्षराचा.

तुझ्या आबांना म्हटलं, "एवढं वाचून दाखवा की."

"म्हातारपनी खेळण्याची हौस आलीय. मला न्हाय वेळ."

पेन्शनीतल्या माणसाला वेळ नाही! मग मी काय केलं, तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि मुद्दाम उलटा धरला. त्यांचा जन्म रेल्वेच्या मालगोदामात गेलेला, खोक्यावरचा 'ही बाजू वर'चा बाण खाली आलेला दिसला तर घास उतरायचा नाही. थोडं खाकरले, पेपर झटकला, शेवटी उठून आले आणि कागद माझ्या हातात सुलटा करून दिला. सुलटा करताना नजर पडली. नजर पडल्यावर वाचल्याशिवाय राहवतंय होय? "हं," म्हणाले, "आधी समदे भाग ताब्यात घेऊन तपासा, असं लिवलंय. बरोबर हाय. मालाचा नियमच हाय त्यो."

आता रोज दुपारचा चहा झाला की वाचन चालतं. ते इंग्रजी वाचतात, मग मराठीत सांगतात, मग मी विचारते ते कागदात नसतं आणि ते चिडतात.

तुझ्या बहिणीचं विचारलंस. शकू बरी असेल. दुसरं काही विचार.

तुझी आई

१ एप्रिल १९७९

महिपती,

तू लिहिलंस की हा खऱ्या अग्निबाणाचा, रॉकेटचाच नमुना, सगळं एका मापानं लहान केलेलं. हे एका मापानं म्हणजे काय ते मला सुटेना. आमच्या भातुकलीत जातं चुलीपेक्षा मोठं, आणि बाहुलीला घरात शिरायचं तर वाकावं लागायचं. इथं म्हणे तसं नाही. पंखसुद्धा त्याच हिशोबानं, टोपीसुद्धा. आबांना विचारलं, खरा केवढा? म्हणाले, गिरणीच्या चिमणीएवढा धर. मग म्हटलं, ह्या मापानं मी केवढी? त्यांनी पेन्सिल काढली, पेपरच्या कडेला काहीतरी केलं, म्हणाले, "हरभऱ्याएवढी."

"आणि तुमी?"

"वाटाण्याएवढा."

मला दिवसभर हसू येत होतं. डाळ निवडताना हरभरा दिसला की मी म्हणायची, ही बघा मी.

पंखांची गंमत सांगायची राहिली. खोक्यातली डिंकाची नळी वाळून गेलेली. मी म्हटलं, त्यात काय, हे मागवाल्यांचं गाव, इथं खळीला काय तोटा. मैद्याची खळ शिजवली, पंख चिकटवले, अगदी सरळ. आबा रूळ लावून बघत होते. सकाळी उठून बघते तर पंख जमिनीवर, आणि नळीला झुरळं! खळ चाटूनपुसून खाल्ली मेल्यांनी. आबा म्हणाले, "अमेरिकेचं विमान सोलापूरच्या झुरळांनी पाडलं." मग बाभळीचा डिंक भिजवला. तो कडू असतो, झुरळ शिवत नाही. आता पंख हलत नाहीत.

तू पुन्हा शकूचं विचारलंस. मी टाळते हे तुला तिथंसुद्धा कळतं म्हणायचं. तर ऐक. तू गेलास तेव्हा ती घरात होती. तिनं मैदानापलीकडच्या मागवाल्याच्या मुलाशी लग्न केलं, तेलुगू घर आहे, हे आबांनी तुला एका ओळीत कळवलं. पुढचं कळवलं नाही. तिनं हार घालून दारात पाय ठेवला, तेव्हा आबा उंबऱ्यात उभे राहिले आणि तुळजाभवानीची आण घेतली. ह्या घरातला पाय तिच्या उंबऱ्याला लागणार नाही आणि ह्या घरातला खण तिच्या पदरात पडणार नाही. भवानीची आण म्हणजे मस्करी नाही. मी ती मोडलेली नाही.

माळवदावर वाळवण घालायला गेलं की तिचं घर दिसतं. तिचं निळं लुगडं दोरीवर असलं की मला बरं वाटतं. एवढं तर आणेत येत नाही ना?

तुझी आई

६ मे १९७९

महिपती,

आमचा बाण पांढराशुभ्र उभा आहे. काळे पट्टे मी काजळानं ओढले, वर वार्निशचा हात आबांनी दिला. मी बोटभर कुंकू लावलं तर म्हणाले, खऱ्याला कुंकू नसतंय. म्हटलं, खऱ्याला लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

कागदात एक परीक्षा लिहिलीय. बाणाला मधोमध दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरागरा फिरवायचा. तोंड पुढं ठेवून फिरला तर पास, गिरक्या घ्यायला लागला तर नापास. हे मी माळवदावर केलं, कारण आबांना चक्कर येते. मी गोल गोल फिरतेय, बाण सुं सुं करतोय, तर खालनं मथुराबाई ओरडली, "अगं सोजराक्का, कुनाची दिष्ट काढायलीस एवढी? उतर खाली, पडशील!" म्हटलं, आभाळाची काढतेय. पास झाला, बरं का. तोंड पुढंच. पण तोंड पुढंच का राहतं रे? पंख मागं आहेत म्हणून? मग कोंबडीचं काय? असले प्रश्न येतात आणि रात्री झोप लागेनाशी होते.

एक वाईट झालं. ते प्लास्टिकचं फडकं, बाण उतरताना छत्रीसारखं उघडणारं, ते उंदरानं कुरतडलं. आता त्याऐवजी मी घरातलंच काही तरी शिवीन. आबांनी ते फडकं उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाले, "उंदराला कात्री गावली म्हनायची."

भाजी मंडईत नागम्मा भेटली. नागम्मा म्हणजे शकूची सासू. लग्नापासून आम्ही एकमेकींना बघून कोथिंबीर निवडायला लागतो. ह्या वेळी तीच जवळ आली, माझ्या पिशवीत चार कैऱ्या टाकल्या आणि म्हणाली, "अक्का, हे तुमचं लेकीनं निम्मं खाल्लंय, निम्मं तुमी खावा. तिला आंबटच लागतंय आता." आणि गेली. मी तिथंच उभी. भाजीवाला म्हणतो, आजी, सरका की.

महिपती, शकूला पाचवा लागलाय. तिसऱ्यातली चोरओटी माझ्या हातनं हुकली. सातव्यात माहेरची ओटी लागते. माहेर मैदानापलीकडं आणि खण पेटीत.

तुझी आई

१७ जून १९७९

महिपती,

आधी बाणाच्या पोटातल्या दारूचं. तू लिहिलंस ती पोस्टानं येत नाही, विमानवाले घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण सोलापुरात दारूकामाला काय कमी? गड्ड्याच्या जत्रेत आभाळ फुलवणारा कल्लप्पा आहे की, अक्कलकोट रस्त्याचा. मी आणि आबा टांग्यातनं त्याच्याकडं गेलो. त्यानं बाण हातात फिरवला, पंख दाबून बघितले, म्हणाला, "आजी, लगीन हाय का घरात?"

"बारसं हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

कल्लप्पाला सगळं समजलं. वर जायला एक दारू, मग जरा दम, मग टोपी उडवायला चिमूटभर दुसरी. जत्रेतलं औट तसंच असतं म्हणाला, वर जाऊन मग फुटतं. छत्रीच्या कपड्याला आग लागू नये म्हणून मधे काय घालायचं ह्यावर त्याचं आणि आबांचं वाजलं. शेवटी केळीचं ओलं सोपट घालायचं ठरलं. पहिली नळी त्याच्या आवारात जमिनीला बांधून पेटवली, तर ती जागेवरच रुसली. दुसरीनं असा जोर दाखवला की कल्लप्पाच्या कोंबड्या शेजाऱ्याकडं गेल्या.

आता तुला खरं सांगते. उंदीरबिंदीर काही नव्हता. ते फडकं मी कापलं. छत्री मी खणाची केली. हिरवा गुळेदगुडचा खण, लाल काठाचा, शकूच्या लग्नासाठी आबांनीच आणलेला, पेटीत पडून होता. पातळ आहे, छान फुगतो, मी माळवदावरनं लिंबू बांधून सोडून बघितला. टोपी पोकळ आहे. तिच्यात चिमूट चिमूट तांदूळ, एक सुपारी, आणि लेकुरवाळं हळकुंड बसतं. लेकुरवाळं म्हणजे ज्याला पिल्लं फुटलेली असतात ते, छोटंसंच निवडलं. नारळ काही बसत नाही. नारळ नेणारा बाण तुमच्याकडंच असेल.

समजलं ना? आण पायाची आहे आणि घरातनं खण देण्याची आहे. आभाळातनं तिच्या अंगणात पडलं तर कुणाचा पाय आणि कुणाचा हात? भवानी असलं बारीक बघत नसेल. बघत असेल तर तीही आईच आहे.

आता आषाढाचं वारं पश्चिमेचं, जोराचं. सगळे पतंग पूर्वेला झुकलेले असतात. शकूचं घर मैदानाच्या पूर्वेला. म्हणजे मैदानाच्या आपल्या बाजूनं बाण सोडला की खण उघडेल आणि वारा त्याला नेऊन तिच्या दारात ठेवील. बरोबर आहे ना? आबांना कागदातलं वाऱ्याचं वाचा म्हटलं. ते वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, आणि पान उलटलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, "विशेष काय न्हाय."

आखाडात ओटी भरतात का असं मथुराबाई विचारत होती. मी तिला काही सांगितलेलं नाही, तिनं आपल्या आपण ओळखलं. म्हटलं, आखाड पाळत बसले तर तिचं पोर पाटी घेऊन शाळेत जाईल.

तुझी आई

९ जुलै १९७९

महिपती,

काल उडवला.

आधी इथलं वातावरण सांगते, नाहीतर तुला पुढचं कळायचं नाही. तुमच्या अमेरिकेचा तो आभाळात फिरणारा स्कायलॅब खाली पडणार म्हणून इथं सगळे हवालदिल झालेत. पेपरात रोज तेच. लोक देवळात जाऊन नवस बोलतायत. मथुराबाईनं लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली सरकवल्या आणि स्वतः दोन दिवस डोक्यावर परात धरून संडासला जाते. म्हटलं, अगं, घराएवढं लोखंड पडणार, परात काय करील? म्हणाली, "परात असली की मनाला बरं वाटतंय."

तर अशात आम्ही संध्याकाळी मैदानात. आबा, मी, कल्लप्पा. पतंगवाले होते, भेळवाला होता, आणि बाण बघून सगळे गोळा झाले. कल्लप्पानं लोखंडी दांडी रोवली, बाण तिच्यात ओवला. मी वारा बघून जागा धरलेली, पलीकडं शकूचं दार दिसत होतं. तर आबा पुढं झाले आणि दांडी वाकवली, आपल्या घराच्या बाजूला, थोडीशी.

"अहो, सरळ असू दे की! तिकडं कशाला?"

"कागदात लिवलंय."

कागदात लिहिलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? मग त्यांनी मोजायला सुरुवात केली, उलटं. पाच, चार. उलटं का मोजतात ते मला तेव्हा कळलं. सुलटं मोजलं तर कधी थांबायचं ते कुणाला ठाऊक? शून्याला कल्लप्पानं उदबत्ती लावली.

महिपती, तो गेला! असा सुर्रकन गेला की माझी मान मागं राहिली. आणि वर चढता चढता त्यानं तोंड फिरवलं. वाऱ्याकडं. पूर्वेला नाही, पश्चिमेला, आपल्याच घराकडं! वर बारीक फट् झालं, आणि हिरवा खण उघडला. एवढं सुंदर मी काही बघितलेलं नाही. लाल काठ, मागं ऊन. आणि वारा त्याला हळूहळू परत घेऊन यायला लागला, पण शकूपर्यंत कुठला, मैदानाचा निम्मा भागसुद्धा नाही. आमच्याच डोक्यावर.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "स्कायलॅब! स्कायलॅब आला!"

मग काय विचारतोस. पतंग सोडून पोरं पळाली, भेळवाला टोपलीखाली बसला, एक म्हातारा पोलीस सायकल टाकून पळाला. कुणी माझ्या अंगावर आलं, मी सुद्धा मागं सरले. सगळं मैदान एका दिशेला पळतंय आणि तुझे आबा एकटे उलट्या दिशेला, खणाच्या खाली, उपरणं दोन्ही हातांनी पुढं पसरून. गुडघेदुखी कुठं गेली कोण जाणे. डावीकडं, उजवीकडं, मान वर. आणि बाण बरोबर त्यांच्या उपरण्यात पडला.

टोपी उघडलेली होती. मी धावत गेले तर उपरण्यात खण, हळकुंड, सुपारी, तांदळाचे चार दाणे. बाकीचे आभाळात सांडले. बाप्याच्या पदरात ओटी! ते वाकून बघत उभे. मला वाटलं, आता भूकंप. त्यांनी हळकुंड उचललं, त्याची पिल्लं बोटानं चाचपली.

"खण वळखीचा हाय," म्हणाले.

"व्हय."

"घरातनं निघालेली ओटी घरात परत घेत नसत्यात. तुझ्या आईनं सांगितलं न्हाय?"

आणि चालायला लागले. उपरणं तसंच पसरलेलं, वर बाण आडवा. मैदान ओलांडलं. मी दांडीपाशीच, पाय हलेना. आण होती ना पायाची.

दारात नागम्मा बाहेर आली. मागांची खटखट थांबली. आबा उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले आणि काय म्हणाले ते मला कल्लप्पानं सांगितलं, तो मागं मागं गेला होता. म्हणाले, "बाई, ही तुमच्या सुनंची वस्तू. वाऱ्यानं चुकून माज्याकडं आली."

नागम्मानं उपरण्यात बघितलं, मग आबांच्या तोंडाकडं. म्हणाली, "ओटी पुरुष मानूस भरत नसतंय. बाईला बोलवा."

मग ते वळले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं ए! येतीस का तितंच उभी ऱ्हातीस?"

मी तिथनंच ओरडले, "आन हाय की!"

"खण घरातनं आला न्हाय, आभाळातनं आलाय! अन् पायाचं मी भवानीला सांगतो! ये!"

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही, एक चप्पल मैदानातच राहिली. शकू दारात आली होती, पोट घेऊन, डोळे भरलेले. म्हणाली, "आबा, वाळलात की."

"तू बरी भरलीस," ते म्हणाले. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग नागम्मानं तिला पाटावर बसवलं. मी तिच्या पदरात खण घातला. त्याला दोऱ्या होत्या आणि एका कडेला थोडा करपलाय. तांदूळ नागम्मानं आपल्या घरातले दिले, आणि नारळसुद्धा. म्हणाली, तुमचा बाण नारळ आनला न्हाय, आमी ठिवतो.

तुझी आई

१६ जुलै १९७९

महिपती,

स्कायलॅब कुठं लांब पडला म्हणतात. मथुराबाईची परात भिंतीला गेली. गोदाला सांग, तिचा बाण सुखरूप आहे, एक पंख निखळला होता तो डिंकानं बसवला. तिच्या आत्याला दाखवायला तिचं चित्र मी देवाजवळनं काढून नेलं. शकू म्हणाली, आई, नाक बरोबर काढलंय.

काल पुन्हा उडवला, शकूच्या दारासमोरनं. तिला वर बघता यावं म्हणून नागम्मानं बाज बाहेर टाकली. आता छत्री जुन्या धोतराची आहे, टोपीत काही नाही. जावई सगळं विचारत होता, पंख कसे बसवले, दोरी किती. चौकस पोरगा आहे, माझ्यासारखा. आबा त्याला दांडी रोवून दाखवत होते. तो म्हणाला, "मामा, सरळ का न्हाय? तिरकी का धरलाव?"

आबा रंगात आलेले. "बान चढताना वाऱ्याकडं तोंड करतोय," म्हणाले. "म्हनून दांडी वाऱ्याकडं जरा कलती ठिवायची. मग उतरताना वारं त्याला परत घेऊन येतंय, उडवनाऱ्याच्या बरोबर पायाशी. कागदात समदं लिवलंय. मी गेल्या म्हैन्यातच वाचलं."

बोलून झाल्यावर त्यांना दिसलं की मी मागंच उभी आहे, उदबत्ती घेऊन.

त्यांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसायला लागले, चांगला स्वच्छ होता तरी.

"काय गं?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "मोजा की. वारं पडंल."

तुझी आई